घरातल्या शुश्रूषेचा खर्च : पुण्यातील वाटा आणि पेच

अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्वतःचे स्वतः करू न शकणाऱ्या माणसाची देखभाल घरी करायची, तर खर्चाचे दोन भाग पडतात. एक वैद्यकीय : डॉक्टरांची घरभेट, जखमेचे ड्रेसिंग, लघवीची नळी बदलणे, ऑक्सिजन, फिजिओथेरपी. दुसरा रोजच्या अंगमेहनतीचा : अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, डायपर बदलणे, रात्री उठून पाहणे. पहिला खर्च आजार आटोक्यात आला की ओसरतो. दुसरा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालतो आणि बहुधा वाढतच जातो. आपल्याकडे आरोग्य विमा आणि सरकारी आरोग्य योजना यांची रचना पहिल्या खर्चाभोवती झालेली आहे. दुसरा खर्च कोणी आणि कसा उचलायचा, यावर एकमत नाही.

महिन्याचा हिशेब

पुण्यात हे काम करणारी मावशी, आया किंवा केअरटेकर बहुतेकदा ब्युरोमार्फत येते. पुरुष रुग्णासाठी ब्रदर किंवा वॉर्डबॉय येतो. ड्युटी 12 तासांची किंवा 24 तासांची. 24 तासांच्या ड्युटीत राहण्या-जेवण्याची सोय घरच्यांनी करायची असते. ब्युरो नोंदणीचे पैसे किंवा डिपॉझिट घेतो, शिवाय कामगाराच्या रोजातून किंवा कुटुंबाकडून आपले कमिशन काढतो. मावशी गावी गेली की बदली बाई देण्याची जबाबदारी ब्युरोची. प्रत्यक्षात दिवाळीत, लग्नसराईत आणि यात्रेच्या दिवसांत बदली मिळणे अवघड जाते, आणि त्या दिवसांत घरातल्या कोणाला तरी रजा टाकावी लागते. ही रजासुद्धा खर्चच, पण ती कोणत्याच हिशेबात धरली जात नाही.

उदाहरणादाखल 12 तासांच्या ड्युटीचा रोज 800 रुपये धरला, तर महिन्याचे 24,000 होतात. दिवसाला चार डायपर, एकाचे 40 रुपये, म्हणजे महिन्याला 4,800. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्ट, एका भेटीचे 500, म्हणजे सुमारे 6,000. औषधे, तपासण्या, फाउलर कॉट आणि एअर मॅट्रेस सोडून ही बेरीज 34,800 रुपयांवर जाते. यात रात्रीची पाळी घरच्यांनी सांभाळायची असे गृहीत आहे. रात्रीलाही माणूस ठेवला, तर रक्कम 58,800. दर एरियाप्रमाणे आणि रुग्णाच्या अवस्थेप्रमाणे बदलतात. पण मध्यमवर्गीय घराच्या मिळकतीशी या आकड्यांचे प्रमाण काय पडते, ते यातून कळते.

पार्श्वभूमी

पुण्यात निराधार आणि पंगू माणसांच्या सांभाळासाठी संस्था उभी राहिली ती 1860 च्या दशकात, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून. नवी पेठेतला ‘निवारा’ तीच परंपरा चालवतो. घरी जाऊन शुश्रूषा करणे हा मात्र तेव्हा पगारी व्यवसाय नव्हता. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 साली सुरू झालेल्या पुणे सेवासदनाने स्त्रियांना परिचारिकेचे आणि सुईणीचे शिक्षण मिळवून दिले, त्यातून प्रशिक्षित शुश्रूषा ही स्त्रियांसाठी प्रतिष्ठेची नोकरी ठरू लागली. घरातल्या म्हाताऱ्यांचे करणे मात्र सून, लेक, बायको किंवा विधवा बहीण यांच्याकडेच राहिले. त्याचा मोबदला कोणी मागितला नाही आणि कोणी दिलाही नाही.

हे चित्र बदलत गेले ते एकत्र कुटुंबे विखुरल्यावर, स्त्रिया नोकरीला लागल्यावर आणि 1990 नंतर माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांमुळे मुले बंगळुरू, अमेरिका, युरोपकडे गेल्यावर. कोथरूड, सहकारनगर, एरंडवणे अशा भागांतल्या कित्येक सदनिकांत आज दोन वृद्ध माणसेच राहतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या साठीपुढच्या लोकांचे प्रमाण 9.9 टक्के होते, देशाचे 8.6 टक्के. 2017-18 च्या ‘लासी’ या देशव्यापी वार्धक्य सर्वेक्षणात साठीपुढच्या सुमारे चौथाई लोकांना अंघोळ, कपडे, चालणे, शौच यांपैकी निदान एका गोष्टीत अडचण असल्याचे आढळले. त्या सगळ्यांनाच पगारी माणूस लागतो असे नाही, पण मागणीचा पाया केवढा मोठा आहे ते दिसते.

स्वतःची मिळकत आणि पुंजी

पुण्यात घरच्या शुश्रूषेचा पैसा सर्वांत जास्त येतो तो पेन्शन आणि ठेवींमधून, आणि इथे शहराचे सरळ दोन भाग पडतात. संरक्षण खाते, रेल्वे, बँका, विद्यापीठ, केंद्र सरकारची कार्यालये यांतून निवृत्त झालेल्यांना महागाई भत्त्यासह पेन्शन आहे. केंद्राच्या निवृत्तांना वयाच्या 80 व्या वर्षापासून मूळ पेन्शनवर 20 टक्के वाढ मिळते, 90 व्या वर्षी 40 टक्के, शंभरीला 100 टक्के. शुश्रूषेची गरज वयाबरोबर वाढते हे ओळखून पैसे वाढवणारी तरतूद आपल्याकडे विरळाच आढळते. ही त्यांपैकी एक. पूर्ण अपंगत्व येऊन सेवेतून बाहेर पडलेल्यांसाठी सतत सोबतीचा भत्ताही आहे. खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रामुळे जखमी सैनिकांच्या संदर्भात या भत्त्याची पुणेकरांना ओळख आहे.

दुसरा भाग पिंपरी-चिंचवड, भोसरी, हडपसरच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांचा. कर्मचारी पेन्शन योजना 1995 मध्ये किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपये आहे. 15,000 रुपयांच्या कमाल वेतनमर्यादेवर 35 वर्षांच्या नोकरीला सूत्राने 7,500 रुपये बसतात. भविष्य निर्वाह निधीची रक्कम बहुधा मुलांची लग्ने आणि घर यांत गेलेली असते.

ज्यांच्याकडे पुंजी आहे त्यांची पहिली पसंती ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला. 2023 पासून तिची मर्यादा 30 लाख आहे. 8.2 टक्क्यांनी पूर्ण रकमेचे व्याज तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500 येते. वर दिलेल्या हिशेबातल्या दिवसपाळीच्या मावशीचा पगारही त्यात भागत नाही.

पैसा असूनही हाती न येणे हा वेगळाच पेच आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. हात थरथरू लागले, सही जुळेना, की रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे अंगठ्याचा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. त्याला दोन साक्षीदार लागतात, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी. सत्तरीपुढच्या खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असेही 2017 मध्ये बँकांना सांगण्यात आले. शरीर थकलेल्या माणसासाठी ही सोय पुरते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचे काय? मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मानसिक भान हरपले, की करार कायद्यानुसार मुखत्यारी संपते. ज्या वेळेसाठी ते करून ठेवले, नेमके तेव्हाच ते निरुपयोगी होते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हास्तरीय समिती पालक नेमू शकते, पण फक्त स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी. स्मृतिभ्रंश त्यात नाही. कोमातल्या रुग्णांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने पालक नेमल्याची उदाहरणे आहेत. पण ब्युरोचे महिन्याचे बिल भागवण्यासाठी उच्च न्यायालयात जाणे किती कुटुंबांना परवडेल? म्हणून संयुक्त खाते वेळेत करून ठेवणे, हाच सल्ला बँकेतले लोक आणि वकील देतात.

राहते घर

पुण्यातल्या अनेक वृद्धांजवळ रोख थोडी आणि घर मोलाचे, अशी स्थिती आहे. त्यांच्यासाठी 2007-08 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात रिव्हर्स मॉर्गेज जाहीर झाले. साठीपुढच्या मालकाने राहते घर गहाण ठेवायचे, बँकेने त्याला ठराविक मुदतीपर्यंत हप्ते द्यायचे, आणि दोघा पती-पत्नींच्या पश्चात वारसांनी कर्ज फेडून घर सोडवायचे किंवा बँकेने ते विकायचे. मिळणारी रक्कम उत्पन्न धरली जात नाही, त्यामुळे तिच्यावर कर नाही. हयातभर उत्पन्न देणारा वार्षिकीशी जोडलेला प्रकारही 2009 मध्ये आला.

योजना कागदावर शुश्रूषेच्या खर्चासाठीच केल्यासारखी आहे, तरी ती रुजली नाही. समर्थकांच्या मते माहितीचा अभाव आणि बँकांची अनास्था ही कारणे आहेत. शंका घेणाऱ्यांचे म्हणणे असे, की कर्जाचे प्रमाण आणि व्याज पाहता हाती येणारी रक्कम घराच्या किमतीच्या मानाने तुटपुंजी ठरते, आणि मुदत संपल्यावरही माणूस जगला तर हप्ते थांबतात. पुण्यात आणखी एक अडचण आहे. जुन्या सोसायट्यांच्या जागेचे हस्तांतरण बिल्डरकडून झालेले नसते, डीम्ड कन्व्हेयन्सची फाइल अडलेली असते किंवा पुनर्विकासाची बोलणी चालू असतात. अशा इमारतीतल्या सदनिकेवर दीर्घ मुदतीचे कर्ज द्यायला बँक कचरते. मुलांच्या डोळ्यांदेखत घर गहाण टाकणे जिवावर येते, हेही खरेच. आणि ती भावना गैरसमज म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही.

मुलांची जबाबदारी आणि कायदा

आई-वडिलांना पोसण्याची जबाबदारी 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात आहे, 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये होती आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. विवाहित मुलगीही या जबाबदारीतून सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरवले. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने दाद मागणे सोपे केले : अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे. निर्वाहाची कमाल मर्यादा मात्र महिना 10,000 रुपये. 2019 च्या दुरुस्ती विधेयकात ही मर्यादा काढून टाकण्याची आणि घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांसाठी किमान निकष ठरवण्याची तरतूद होती; सतरावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले.

याच कायद्याच्या कलम 23 प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर घर मुलांच्या नावे केले आणि त्यांनी सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. अट सिद्ध व्हायला हवी असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले. जानेवारी 2025 च्या निकालात याच तरतुदीचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला. बक्षीसपत्र करताना ‘सांभाळाच्या अटीवर’ हे शब्द स्पष्ट घालावेत, हे त्यावरून उघड होते. लातूर जिल्हा परिषदेने 2021 च्या सुमारास आई-वडिलांकडे दुर्लक्ष करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के कापण्याची कारवाई केली, त्याचीही बरीच चर्चा झाली.

परदेशातल्या मुलांच्या बाबतीत पैसा ही सहसा अडचण नसते. आई-वडिलांना मुलांनी पाठवलेल्या पैशावर प्राप्तिकर लागत नाही. उणीव असते ती देखरेखीची : मावशी वेळेवर आली का, पाठीला जखम झाली का, हे पाहणारे कोणी नसते. ही देखरेख विकणाऱ्या कंपन्या आणि ज्येष्ठांसाठीची गृहसंकुले पुण्यात त्यातूनच वाढली. परांजपे स्कीम्सचे ‘अथश्री’ हे त्यांतले परिचित नाव.

विमा कुठे थांबतो

मेडिक्लेम 1986 मध्ये आला तो हॉस्पिटलच्या बिलासाठी. त्यात ‘डोमिसिलिअरी हॉस्पिटलायझेशन’ म्हणून घरच्या उपचारांचे कलम असते, पण ते दवाखान्यात दाखल करावे लागले असते अशा आजारालाच लागू होते, तेही रुग्णाला हलवणे अशक्य असेल किंवा खाट मिळत नसेल तर, आणि बहुधा उपचार तीन दिवसांहून जास्त चालले तरच. जुलै 2020 मध्ये आलेल्या ‘कोरोना कवच’ पॉलिसीत 14 दिवसांपर्यंतच्या घरच्या उपचारांचा समावेश झाला, आणि त्या काळात घरी उपचार ही कल्पना रुळली. त्यानंतर अनेक पॉलिसींत ‘होम केअर’ आले. पण तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या, सुरुवात आणि शेवट असलेल्या उपचारांपुरते.

घरी असो वा संस्थेत, अंघोळ, कपडे, हालचाल यांसाठी लागणारी मदत प्रशिक्षित परिचारिकेकडून मिळो की अप्रशिक्षित माणसाकडून, ती विम्यातून वगळलेली आहे. विमा नियामकाने प्रमाणित केलेल्या अपवादांच्या यादीत हा पाचवा अपवाद नेमक्या याच शब्दांत येतो. पॉलिसी घेताना तो फारसे कोणी वाचत नाही. 2024 मध्ये नियामकाने नव्या पॉलिसीसाठी असलेली 65 वर्षांची वयोमर्यादा काढली, 2025 मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्यावर आला. दोन्हींचा फायदा झाला, पण हा अपवाद तसाच आहे. नोकरदार मुलांच्या कंपनीच्या गट विम्यात आई-वडील असले, तरी सर्वसाधारणपणे परिस्थिती तीच.

सरकारी योजना, करसवलत आणि सेवाभावी मदत

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सर्वांसाठी खुली झालेली आयुष्मान भारत या दोन्ही योजना दाखल रुग्णांसाठी आहेत. श्रावणबाळ योजनेत, वर्षाला 21,000 रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या 65 वर्षांपुढच्या व्यक्तीला महिन्याला 1,500 रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला 50. वरच्या हिशेबातला जेमतेम एक डायपर. 2024 च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये मिळतात.

काळजी घेणाऱ्याला पैसे द्यावेत हा विचार कायद्यात नाहीच असे नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. केरळ सरकार ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून अंथरुणावरच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्याला महिन्याला 600 रुपये देते. रक्कम लहान आहे, पण घरातल्या बाईचे हे काम सरकारने काम म्हणून मोजले, हे मोठे आहे.

करसवलतीत 1961 च्या प्राप्तिकर कायद्याची तीन कलमे उपयोगी पडत आली : 80डी खाली विमा नसलेल्या ज्येष्ठाच्या वैद्यकीय खर्चाची 50,000 पर्यंत वजावट, 80डीडी खाली अवलंबून असलेल्या दिव्यांग नातलगासाठी 75,000 किंवा 1,25,000, आणि 80डीडीबी खाली ठराविक आजारांसाठी वजावट. नव्या करप्रणालीत यांपैकी काहीच मिळत नाही. जुन्या प्रणालीतही मावशीचा पगार ‘वैद्यकीय खर्च’ धरायचा का, याबद्दल स्पष्टता नव्हती.

पैशाऐवजी सेवा किंवा वस्तू देणाऱ्या संस्थांचे पुण्यात मोठे जाळे आहे. वारज्याचे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र 1997 पासून कर्करुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना विनामूल्य सेवा देते. जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे कॉट, वॉकर, व्हीलचेअर अल्प मोबदल्यात वापरायला देतात. पुण्याच्या जनसेवा फाउंडेशनकडे 14567 ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन राज्यात चालवण्याचे काम आहे. ही मदत खर्चाला चांगलाच टेका देते, पण रोज सकाळी अंघोळ घालायला माणूस लागतो तो लागतोच.

चार भूमिका

पहिली भूमिका कुटुंबाची. काळजी हे नाते आहे, ती सरकारने किंवा बाजाराने ताब्यात घेऊ नये. फार तर कायद्याने टाळाटाळ रोखावी. या भूमिकेचे बळ असे, की आजही बहुसंख्य घरांत हेच घडते. तिच्यावरचा आक्षेप असा, की ‘कुटुंब’ म्हणजे व्यवहारात घरातली स्त्री. 2019 च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणात घरच्यांची विनामोबदला काळजी घेणाऱ्या स्त्रियांची दिवसाची 134 मिनिटे जात होती, तशाच पुरुषांची 76. त्यात मुलांचे संगोपनही आले.

दुसरी भूमिका स्वतःच्या पुंजीची : बचत वाढवा, घराची किंमत मोकळी करा, सेवांचा बाजार शिस्तीत आणा. नीती आयोगाच्या फेब्रुवारी 2024 च्या ज्येष्ठ सेवाविषयक अहवालाचा बराच रोख या दिशेने आहे. ज्यांनी आयुष्यभर हातावर पोट भरले त्यांच्यासाठी हिच्यात उत्तर नाही.

तिसरी दीर्घकालीन शुश्रूषा विम्याची. जर्मनीने 1995 मध्ये सक्तीचा शुश्रूषा विमा सुरू केला. तिथे घरच्याच माणसाने काळजी घेतली तर रोख रक्कमही मिळते. जपानने 2000 मध्ये चाळिशीपासून वर्गणी घेणारी पद्धत आणली. निम्मा पैसा करांतून, निम्मा वर्गणीतून, आणि 10 ते 30 टक्के खर्च वापरणाऱ्याचा. अंथरुणाला किती वर्षे खिळावे लागेल हे कोणालाच माहीत नसते, म्हणून जोखीम सगळ्यांत वाटणे तर्काला धरून आहे. पण आपल्याकडे बहुतांश लोक असंघटित क्षेत्रात आहेत. वर्गणी कापायची कोणाच्या पगारातून, हा प्रश्न सुटलेला नाही.

चौथी भूमिका स्थानिक सार्वजनिक सेवेची. केरळने 2008 मध्ये पॅलिएटिव्ह केअरचे धोरण स्वीकारले. पंचायतींचा पैसा, शेजारचे स्वयंसेवक आणि फिरती परिचारिका यांवर तिथली घरभेटींची व्यवस्था उभी आहे. पुण्यात महापालिकेचे दवाखाने आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, महाविद्यालयीन तरुण आहेत. साहित्य आहे, पण घरभेटींसाठी कायमचा निधी नाही. शेजार विरळ झालेल्या शहरात स्वयंसेवा कितपत टिकेल, याबद्दलही मतभेद आहेत.

न सुटलेले प्रश्न

कोणाला किती मदत लागते हे मोजण्याची सर्वमान्य पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही. तिच्याशिवाय ना विमा उभा राहील, ना भत्ता. हॉस्पिटलला नोंदणी लागते, पण घरी माणूस पाठवणाऱ्या ब्युरोच्या कामावर तशी खास देखरेख नाही, त्यामुळे प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित यांतला फरक गिऱ्हाईकाला दरावरूनच ओळखावा लागतो.

सर्वांत कठीण प्रश्न मजुरीचा आहे. ब्युरोतून येणाऱ्या बऱ्याच स्त्रिया मराठवाडा-विदर्भातून आलेल्या असतात, आणि घरच्या शुश्रूषेचा आजचा खर्च त्यांच्या लांबलचक पाळ्यांवर तोललेला आहे. आठ तासांची पाळी आणि आठवड्याची सुट्टी धरली, तर एका रुग्णाच्या चोवीस तासांसाठी आठवड्याला 21 पाळ्या, म्हणजे चार माणसे लागतील, आणि रोज तोच 800 ठेवला तर महिन्याचे 72,000 होतील. पुण्यात 1980 साली मोलकरणींचा संप झाला, त्यातून संघटना उभी राहिली. 2008 मध्ये राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करण्यास केंद्राला समिती नेमायला सांगितले. रुग्णाची मावशी घरकामगार धरायची की आरोग्यसेवेतली कामगार, हे ठरायचे आहे. घरकामगार ठरली तर तिचा संबंध कुटुंबाशी आणि कल्याण मंडळाशी येतो. आरोग्य कामगार ठरली तर प्रशिक्षण, नोंदणी आणि ब्युरोची मालक म्हणून जबाबदारी आली, आणि तिचा पगार वैद्यकीय खर्च मानण्याची, म्हणजेच विम्यात आणि करसवलतीत बसण्याची वाटही त्याबरोबर उघडू शकते.